मूत्राशयातला हुलकावणी देणारा व्रण

1914 साली बॉस्टनमध्ये मूत्रविकारतज्ज्ञांची एक सभा भरली होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले शल्यविशारद गाय लेरॉय हनर यांनी तिथे आठ स्त्रियांची हकीकत मांडली. आठही जणींचे दुखणे सारखे होते. ओटीपोटात कळ, मूत्राशय भरू लागले की ती कळ वाढत जाणे, लघवी होऊन गेली की थोडा वेळ उतार, आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. रात्रीही सुटका नाही. त्यांच्या मूत्राशयाच्या भिंतीवर हनर यांना लालसर, सुजलेले छोटे चट्टे सापडले होते. पुढच्या वर्षी हे निवेदन छापून आले तेव्हा शीर्षकातच त्यांनी या व्रणाला दुर्मिळ म्हटले. 1918मध्ये 25 रुग्णांची माहिती देताना मात्र तो हुलकावणी देतो, सहजी दिसत नाही, यावर त्यांनी भर दिला. पुढच्या शंभर वर्षांत या आजाराचे जे झाले, ते याच हुलकावणीमुळे झाले. जिथे नीट पाहिले गेले तिथे तो सापडला आणि त्यावर उपचारही झाले. जिथे पाहिले गेले नाही, तिथे तो बाईच्या मनाचा खेळ ठरला.

या आजाराचे आजचे नाव इंटरस्टिशियल सिस्टायटिस. मूत्राशयाचा हा दाह जंतूंमुळे होत नाही. ज्यांच्या मूत्राशयात हनर यांनी वर्णिलेला चट्टा प्रत्यक्ष दिसतो, तो याचा ‘हनर’ प्रकार. अमेरिकेत या दुखण्याच्या दहा रुग्णांमागे साधारण एकाकडे तो आढळतो असे मानतात.

हनर हे काही पहिले नव्हते. फिलाडेल्फियाचे ख्यातनाम शल्यवैद्य फिलिप सिंग फिझिक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच असे रुग्ण पाहिले होते. लक्षणे थेट मुतखड्याची आणि खडा तर सापडत नाही, हे त्यांना पडलेले कोडे. त्यांचे शिष्य जोसेफ पॅरिश यांनी 1836च्या आपल्या ग्रंथात अशा तीन रुग्णांची नोंद केली आणि चेहऱ्याच्या नसेत विजेसारखी उठणारी कळ जशी असते, तशीच ही मूत्राशयातली कळ असल्याचे लिहिले. इंटरस्टिशियल सिस्टायटिस हे नाव न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ अलेक्झांडर स्कीन यांनी 1887मध्ये रूढ केले. पण जिवंत माणसाच्या मूत्राशयात डोकावून पाहायचे कसे, हा प्रश्न या सगळ्यांपुढे होता. मॅक्स नित्झे या जर्मन डॉक्टरांनी 1870च्या दशकाच्या अखेरीस मूत्राशयाची दुर्बीण बनवली, तिच्या टोकाशी प्लॅटिनमची तापून उजळणारी तार होती आणि ती थंड ठेवायला पाणी खेळवावे लागे. उपकरण अद्भुत, पण वापरायला अवघड.

हनर ज्यांच्या हाताखाली तयार झाले त्या हॉवर्ड केली यांची रीत याहून साधी होती, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ती सर्वांत चतुर युक्ती आहे. केली हे जॉन्स हॉपकिन्सच्या चार आद्य प्राध्यापकांपैकी एक. ते रुग्ण स्त्रीला गुडघे आणि छाती टेकवून ओणवी व्हायला सांगत. अशा स्थितीत पोटातले अवयव पुढे, खाली झुकतात. मग मूत्रमार्गातून धातूची सरळ पोकळ नळी आत सरकवली की हवा आपोआप आत ओढली जाते आणि मूत्राशय फुगून उघडते. ना भिंग, ना पाणी. डॉक्टरच्या कपाळावरच्या आरशातून दिव्याचा उजेड नळीत पाडायचा आणि उघड्या डोळ्यांनी भिंत न्याहाळायची. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असतो म्हणूनच हे जमत होते. हनर यांचे पहिले आठ रुग्ण सगळे स्त्रियाच का, याचे थोडे उत्तर या नळीतही असावे. पुरुषांना हा आजार होतो, मात्र कमी होतो. 1949मध्ये जॉन हँड यांनी 223 रुग्णांचा आढावा छापला, त्यात 204 स्त्रिया आणि 19 पुरुष होते. पुरुषांचे हे दुखणे पुष्कळदा प्रोस्टेटच्या खात्यावर जमा होते.

आता तो चट्टा. त्याला अनेक वर्षे अल्सर म्हटले गेले, पण तोंडात किंवा जठरात येतो तसा हा कायम उघडा खड्डा नसतो. मूत्राशय अर्धवट भरलेले असताना तिथे फक्त एक लालसर डाग असतो, त्याच्याकडे बारीक रक्तवाहिन्या धावत आलेल्या दिसतात, मध्ये कधी फिकट वण, कधी चिकटलेला साका. नजरेतून सहज सुटावा असा. पण रुग्णाला भूल देऊन मूत्राशयात पाणी भरत गेले आणि भिंत ताणली, की हा डाग मधोमध तडकतो आणि त्यातून रक्त पाझरू लागते. भूल न देता इतके ताणणे शक्य नसते, कारण रुग्ण वेदनेने आधीच थांबवतो. दवाखान्यात जागेपणी घाईने केलेल्या दुर्बीण तपासणीत तो निसटतो त्यामागे हेही एक कारण आहे. अलीकडे ठरावीक निळ्या-हिरव्या तरंगलांबीचा प्रकाश वापरून रक्तवाहिन्या ठळक करणारी दुर्बीण आली आहे. तिच्यात हे चट्टे तपकिरी होऊन उठून दिसतात.

मुळात मूत्राशयाची भिंत किती विलक्षण आहे हे कळल्याशिवाय यातली गंमतही कळत नाही आणि दुःखही. मूत्रपिंडे दिवसभर जे गाळून टाकतात, ते या पिशवीत तासन्‌तास साठून राहते. त्यात युरिया असतो, आम्ल असते, आणि पोटॅशियम रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट अधिक. हे पोटॅशियम मज्जातंतूंना भिडले तर ते भडकतात. तरीही निरोगी माणसाला तीनशे-चारशे मिलिलिटर लघवी साठेपर्यंत फारसे काही जाणवत नाही. भिंतीच्या सर्वांत आतल्या थरात मोठाल्या छत्रीसारख्या पेशी असतात, आणि तसेच त्यांचे इंग्रजी नाव आहे. या पेशींच्या पृष्ठभागावर युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांच्या कडक चकत्या बसवलेल्या असतात. मूत्राशय ताणले की पेशी आपल्या पोटातल्या राखीव चकत्या बाहेर आणून पृष्ठभाग वाढवते, रिकामे झाले की परत आत घेते. या पेशींवर शर्करांच्या लांब साखळ्यांचा, पाणी धरून ठेवणारा एक बुळबुळीत लेप असतो. पितळेच्या पातेल्याला कल्हई असली की त्यात आमटी-कढी बिनघोर करता येते आणि कल्हई उडाली की तेच आंबट भांड्याला खाऊ लागते, तसा काहीसा हा मामला. सॅन डिएगोचे लोवेल पार्सन्स यांनी अनेक वर्षे हाच सिद्धान्त मांडला: लेप विरतो, लघवीतले पोटॅशियम भिंतीत झिरपते आणि वेदनेचे चक्र सुरू होते. सिद्धान्त सुबक आहे, पण तो सर्व रुग्णांना लागू पडतो असे दिसत नाही. हनर चट्ट्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तिथे आतला पेशीथर गळून गेलेला असतो, आणि खाली लसीकापेशी, प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी आणि मास्ट पेशी यांची दाटी असते. म्हणजे शरीराची संरक्षणफळी तिथे कोणाशी तरी लढते आहे. शत्रू कोण, ते अजून कोणी दाखवून देऊ शकलेले नाही.

या दुखण्याची सुरुवात आपल्याकडे बहुधा ‘उन्हाळी लागली’ या समजुतीने होते. धन्याजिऱ्याचे पाणी होते, सब्जा होतो, मग औषधाच्या दुकानातून जंतुनाशक गोळ्या येतात. लघवीचे कल्चर केले तर जंतू सापडत नाहीत. तरी ‘इन्फेक्शन असेल’ म्हणून गोळ्यांचा आणखी एक कोर्स दिला जातो. खरे तर निदानाचा मार्ग वजाबाकीचा आहे. जंतुसंसर्ग नाही, खडा नाही, मूत्राशयाचा कर्करोग नाही, हे आधी पक्के करावे लागते, कारण आतल्या थरात पसरणारा एक सपाट कर्करोग हुबेहूब अशीच लक्षणे देतो आणि दिसतोही लाल डागासारखा. म्हणून संशयास्पद डागाचा तुकडा तपासणे टाळू नये. भारतात या यादीत आणखी एक नाव वर असते ते म्हणजे क्षयरोग. मूत्रमार्गाच्या क्षयातही मूत्राशय आकसत जाते, लघवीत पू दिसतो पण नेहमीच्या कल्चरमध्ये काही उगवत नाही. क्षयाचे जंतू वेगळ्या तपासणीने शोधावे लागतात. नशेसाठी केटामाइन घेणाऱ्या तरुणांमध्येही गेल्या दोन दशकांत असेच आकसलेले, रक्ताळलेले मूत्राशय दिसू लागले आहे. तिथे पहिला उपचार केटामाइन बंद करणे हाच.

विसाव्या शतकाच्या मधल्या काळात हनर यांचा चट्टा विस्मरणात गेला म्हणावे इतका मागे पडला. केली यांची नळी जाऊन भिंगाच्या दुर्बिणी आल्या, भूल देऊन मूत्राशय ताणण्याचा खटाटोप कमी झाला, आणि व्रण दिसत नाही म्हणजे आजार नाही असा हिशेब सुरू झाला. लक्षणे घेऊन येणाऱ्या बायकांच्या तक्रारींचा संबंध मानसिक अस्वास्थ्याशी जोडला गेला, तोही प्रतिष्ठित वैद्यकीय लिखाणातून. मग 1978मध्ये काटा उलट दिशेने झुकला. स्टॅनफर्डचे एडवर्ड मेसिंग आणि थॉमस स्टेमी यांनी दाखवले की व्रण नसलेल्या पुष्कळ रुग्णांच्या मूत्राशयातही ताणल्यानंतर बारीक रक्तबिंदू फुटतात. हीच आजाराची लवकरची खूण आहे, असे मानले गेले. त्यामुळे आजाराची व्याख्या रुंदावली, हजारो जणींना आपल्या दुखण्याचे नाव मिळाले, हे चांगलेच झाले. पण त्याच गर्दीत हनर यांचे मोजके रुग्णही मिसळून गेले. दोन वेगळे आजार एकाच नावाखाली आले आणि पुढची कित्येक वर्षे औषधांच्या चाचण्या या भेसळीवरच होत राहिल्या. 1998मध्ये कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या, कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांचे मूत्राशय ताणून पाहिले गेले, तर तेच रक्तबिंदू त्यांच्यातही निघाले! बिंदूंची साक्ष तिथे संपल्यातच जमा झाली. चट्ट्याची मात्र टिकून आहे.

रुग्णांच्या बाजूने लढलेल्या एका व्यक्तीचे नाव इथे घेतलेच पाहिजे. विकी रॅटनर वैद्यकीय शिक्षण घेत असताना स्वतः या आजाराने पिडल्या. एकामागून एक डॉक्टर झाले तरी निदान होईना. त्यांनी 1984मध्ये अमेरिकेत इंटरस्टिशियल सिस्टायटिस असोसिएशन स्थापन केली. पुढे अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थांनी या आजारावरच्या संशोधनासाठी पैसा आणि निकष दोन्ही दिले, त्यात या रुग्णसंघटनेच्या पाठपुराव्याचा वाटा मोठा होता.

उपचारांची गोष्ट सुरू होते ती कागदाच्या गिरणीत. लाकडापासून कागदाचा लगदा बनवताना जे टाकाऊ द्रव्य उरते, त्यातून डायमिथाइल सल्फॉक्साइड नावाचा रंगहीन द्रव मिळतो. डॉक्टर त्याला डीएमएसओ म्हणतात. 1866 साली रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर झायत्सेव यांनी तो प्रथम बनवला आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. शुद्ध डीएमएसओ साडेअठरा अंशांना गोठतो, म्हणजे नाशिकच्या थंडीत बाटली रात्रभर बाहेर ठेवली तर सकाळी आत स्फटिक सापडतील. जिवंत पेशी गोठवून जपून ठेवायलाही तो उपयोगी पडतो, हे 1959मध्ये जेम्स लव्हलॉक यांनी दाखवले. हे तेच लव्हलॉक, ज्यांनी पुढे पृथ्वी हीच एक सजीव व्यवस्था आहे अशी ‘गाया’ कल्पना मांडली. क्राउन झेलरबाख या कागद कंपनीचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट हर्शलर आणि पोर्टलँडचे शल्यविशारद स्टॅन्ली जेकब यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा औषधी गुण हेरला. तो त्वचेतून सरळ आत शिरतो आणि वेदना कमी करतो. अमेरिकेत त्याचे इतके कौतुक झाले की संधिवातापासून डोकेदुखीपर्यंत सगळ्यावर तो चोळला जाऊ लागला. आणि मग 1965च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने माणसांवरच्या चाचण्या थांबवल्या, कारण मोठ्या मात्रा दिलेल्या प्राण्यांच्या डोळ्यांतल्या भिंगात बदल आढळले होते.

तरीही क्लीव्हलँडचे ब्रूस स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात हा द्रव नळीने थेट मूत्राशयात सोडून पाहिला. काही रुग्णांना उतार पडला. त्या कामाच्या जोरावर 1978मध्ये त्याच्या पन्नास टक्के द्रावणाला याच एका आजारासाठी परवानगी मिळाली. ज्या द्रवाकडून सर्वरोगहर होण्याची अपेक्षा होती, त्याला औषध म्हणून मानाची जागा मिळाली ती एवढ्याशा पिशवीत! रीत सोपी आहे. बारीक नळीने 50 मिलिलिटर द्रावण आत सोडायचे, पंधरा मिनिटे धरून ठेवायचे, मग लघवीवाटे बाहेर टाकायचे. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी. औषध मूत्राशयात जाते आणि काही वेळाने रुग्णाच्या श्वासाला लसणीचा वास येऊ लागतो, कारण ते भिंतीतून रक्तात शिरते आणि त्याचा एक गंधकयुक्त वायू होऊन फुप्फुसांतून बाहेर पडतो. घरातल्यांना आधी सांगून ठेवलेले बरे. 1988च्या एका छोट्या चाचणीत डीएमएसओ घेतलेल्यांपैकी 53 टक्के रुग्णांना स्पष्ट आराम वाटला, साधे मिठाचे पाणी सोडलेल्यांपैकी 18 टक्क्यांना.

गंमत अशी की या आजारासाठी अमेरिकेत मान्यता मिळालेले दुसरे औषधही झाडातूनच येते. बीच वृक्षाच्या लाकडातली झायलान नावाची शर्करा काढून तिला गंधकाम्लाचे अंश जोडले की पेंटोसान पॉलिसल्फेट तयार होते. त्याची रचना मूत्राशयाच्या लेपाशी मिळतीजुळती. म्हणून विरलेला लेप यातून भरून निघेल, या आशेने 1996मध्ये त्याच्या 100 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलला परवानगी मिळाली. दिवसातून तीनदा घ्यायची आणि अनेक महिने वाट पाहायची. तोंडाने घेतलेल्या मात्रेतला अगदी थोडा भागच लघवीपर्यंत पोहोचतो. 1993च्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी 32 टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी 16 टक्के रुग्ण सुधारले होते. 2015मध्ये छापलेल्या बऱ्याच मोठ्या चाचणीत औषध आणि खोटी गोळी यांत फरकच दिसला नाही. त्यात 2018मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या नेत्रतज्ज्ञांनी हे औषध वर्षानुवर्षे घेतलेल्या सहा रुग्णांच्या दृष्टिपटलावर विचित्र रंगद्रव्यदोष पाहिला. 2020मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा आला. मूत्राशयासाठीची दोन्ही औषधे झाडांची, आणि दोन्हींची गाठ डोळ्यांशी पडावी, हा निव्वळ योगायोग, पण विसरता न येणारा. ज्यांना हे औषध चालू आहे त्यांनी सुरुवातीला आणि पुढेही दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी, एवढे यातून घ्यायचे.

मूत्राशयात सोडायचा आणखी एक मिश्रणाचा उपाय डॉक्टरांमध्ये लोकप्रिय आहे: हेपारिन, लिग्नोकेन आणि खाण्याच्या सोड्याचा शुद्ध भाऊ सोडियम बायकार्बोनेट. यातल्या तिसऱ्याचे काम शाळेतल्या रसायनशास्त्रात बसणारे आहे. बधिरता आणणारे लिग्नोकेन आम्लात विद्युतभारित होते आणि पेशींच्या पडद्यातून आत जाऊ शकत नाही. सोड्याने द्रावण अल्कधर्मी केले की त्याचा भार उतरतो, ते भिंतीत शिरते आणि कळ काही मिनिटांत शमते. आराम फार दिवस टिकत नाही, पण ज्या बाईला रात्रभर डोळा लागलेला नाही तिच्यासाठी तो लहान नव्हे.

हे सगळे झाले दोन्ही प्रकारांसाठी. चट्टा दिसला की मात्र खेळ बदलतो, कारण त्याच्यावर नेम धरता येतो. हनर यांनी स्वतः पोट उघडून तो भाग कापून काढला होता. पुढे दुर्बिणीतून विजेने जाळणे आले, मग लेझर आला. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे माग्नुस फाल आणि त्यांचे सहकारी प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत वापरतात तशा विजेच्या तारेच्या कडीने चट्टा खरवडून काढत. त्यांनी 2000 साली 103 रुग्णांवरच्या अशा 259 शस्त्रक्रियांचा हिशेब दिला. 92 जणांना आराम पडला होता. चट्ट्याच्या कडेला आणि मध्यावर ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची सुई टोचणे हा त्याहून सौम्य मार्ग. कधी दोन्ही एकत्र करतात. कित्येक वर्षांची कळ भुलीतून जागे झाल्यावर काही दिवसांत उतरलेली पाहण्याचा अनुभव मूत्रविकारतज्ज्ञ सांगतात, आणि त्यात अतिशयोक्ती नसते.

जिथे याने भागत नाही, तिथे सायक्लोस्पोरिन. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिले जाणारे हे औषध. 2005मध्ये फिनलंडमध्ये 64 रुग्णांवर त्याची पेंटोसानशी तुलना झाली. सायक्लोस्पोरिन घेतलेल्यांपैकी 75 टक्के सुधारले, पेंटोसान घेतलेल्यांपैकी 19 टक्के. प्रतिकारशक्तीला लगाम घालणारे औषध इतके लागू पडते, ही गोष्ट त्या प्लाझ्मा पेशींच्या दाटीशी जुळते. पण रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे काम यांवर सतत लक्ष ठेवावे लागते, त्यामुळे ते चटकन कोणी हाती घेत नाही. जपानने हनर प्रकाराला 2015मध्ये सरकारी दुर्धर रोगांच्या यादीत वेगळे स्थान दिले आणि तीव्र त्रास असलेल्या रुग्णांच्या उपचारखर्चात सरकार वाटा उचलू लागले.

चट्टा नसलेल्यांची वाट वेगळी. त्यांच्यापैकी अनेकांच्या ओटीपोटाच्या तळाचे स्नायू वर्षानुवर्षांच्या वेदनेने आवळून गेलेले असतात. 2012च्या एका अमेरिकी अभ्यासात प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टने हे स्नायू हाताने सैल केल्यावर 59 टक्के स्त्रियांना आराम पडला, साध्या मालिशने 26 टक्क्यांना. अशा रुग्णांनी स्नायू आवळण्याचे केगेल व्यायाम करू नयेत. शेजारीण म्हणाली म्हणून तेच सुरू करणाऱ्या पुष्कळ असतात आणि त्यांची कळ वाढते. रात्री अमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी देतात, तीही नैराश्यासाठी नव्हे, मज्जातंतूंचा भडका शमवण्यासाठी. गोळीच्या पाकिटावरचा उपयोग वाचून रुग्णाने दुखावून जाऊ नये, म्हणून डॉक्टरने हे आधीच सांगायला हवे.

जेवणाचे पथ्य असते, पण सरसकट नाही. चहा, कॉफी, लिंबूवर्गी फळे, टोमॅटो, मिरची, सोडायुक्त पेये आणि दारू यांनी पुष्कळांचा त्रास वाढतो. आपल्या स्वयंपाकघरात याचा अर्थ सकाळचा चहा आणि ठेचा यांच्यावर गदा. पण कोणाला टोमॅटो चालतो नि चहा नाही, कोणाला उलट. म्हणून काही आठवडे सगळे बंद ठेवून एकेक पदार्थ परत आणायचा आणि वहीत नोंद ठेवायची, हा खरा मार्ग. सगळेच कायमचे सोडून फिकट वरणभातावर आयुष्य काढण्याची गरज सहसा नसते.

एक आश्चर्य प्राण्यांच्या दवाखान्यातले. घरात पाळलेल्या मांजरांना अगदी असाच, जंतूंविना मूत्राशयाचा दाह होतो. ओहायो स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांनी त्याचा दीर्घ अभ्यास केला. त्यांच्या उपचारात औषधापेक्षा घर बदलण्यावर भर होता: लपायला जागा, चढायला उंचवटे, मलमूत्राच्या पेट्या वाढवणे, खाण्याच्या वेळा न बदलणे, दुसऱ्या मांजराशी झटापट टाळणे. 2006च्या अहवालात अशा बदलांनी मांजरांची लघवीची लक्षणे ओसरल्याचे त्यांनी दाखवले. ताणामुळे आजार बळावतो, हे यातून दिसते. ताणामुळे तो ‘मनाचा’ ठरतो असे मात्र नाही. मांजर काही नाटक करत नाही.

काय करू नये, याचीही यादी आता पक्की आहे. जंतू नसताना महिनोन्‌महिने अँटिबायोटिक, तोंडाने दीर्घकाळ स्टेरॉइड, फार जास्त दाबाने किंवा फार वेळ मूत्राशय ताणणे. कर्करोगावर चालणारी बीसीजी लस या आजारावरही आशेने वापरून पाहिली गेली, चाचणीत ती टिकली नाही. मूत्राशय काढून आतड्याचा तुकडा लावण्याची मोठी शस्त्रक्रिया शेवटचा पर्याय म्हणून उरते. तीही पूर्ण आकसलेल्या मूत्राशयाच्या हनर रुग्णांत बरी ठरते. चट्टा नसलेल्यांत मूत्राशय गेले तरी वेदना मागे राहिल्याची उदाहरणे आहेत.

2022मध्ये अमेरिकी मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपली मार्गदर्शक तत्त्वे सुधारली. एका पायरीनंतर दुसरी पायरी हा जुना क्रम त्यांनी सोडला, आणि हनर चट्ट्याची शंका असलेल्याची दुर्बीण तपासणी करावी, चट्टा सापडला तर तो जाळावा किंवा त्यात स्टेरॉइड टोचावे, असे सांगितले. हे उपचार कायमचे नसतात. गोथेनबर्गच्या त्या हिशेबात 103 रुग्णांमागे 259 शस्त्रक्रिया येतात, त्याचा अर्थ सरळ आहे: चट्टे परत येतात, कधी काही महिन्यांनी, कधी तीन वर्षांहून अधिक काळाने, आणि पुन्हा तसेच काढावे लागतात. पहिल्या आरामानंतर कळ परतली तर उपचार फसला असे समजून घरी बसू नये, पुन्हा दुर्बीण तपासणीला जावे.